उपजिल्हा रुग्णालयाचा प्रसूती विभाग : ‘कावीळ बी’ असलेल्या मातेचा अनुभव

गरोदरपणाच्या नोंदणीवेळी केलेल्या रक्ततपासणीत मला हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला बाधणारी विषाणूजन्य ‘कावीळ बी’, असल्याचे आढळले. जन्माच्या वेळी हा संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो, त्यामुळे तो बाळाकडे जाऊ नये म्हणून वेळेवर काय केले गेले, याच निकषावर मी या विभागाविषयी लिहीत आहे. पंखे, डास आणि स्वच्छतागृहांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील.

विषाणूभाराच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याच्या, तपासणीचा नमुना बाहेरगावी पाठवला गेला आणि अहवाल यायला नको तितका उशीर झाला. भार जास्त निघाल्याने शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. प्रसूतीच्या रात्रीची व्यवस्था मात्र चोख होती. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांची, कुपी लेबर रूमच्या फ्रीजमध्ये आधीपासूनच राखून ठेवलेली होती. सिस्टरांनी बाळाच्या एका मांडीत ते व दुसऱ्या मांडीत लसीचा पहिला डोस, अशी दोन्ही इंजेक्शने १२ तासांच्या मुदतीच्या कितीतरी आधी देऊन कार्डावर वेळही लिहिली. बाहेर काही हजार रुपये पडणारे इम्युनोग्लोब्युलिन येथे राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळाले.

स्तनपानाबाबत मात्र एकाच वॉर्डात दोन मते ऐकावी लागली. इंजेक्शने दिलेली असताना आईच्या दुधामुळे धोका वाढत नाही, स्तनाग्राला भेग पडून रक्त येत असेल तर ती बरी होईपर्यंत तेवढ्या बाजूने पाजू नये, असे सांगून डॉक्टरांनी बाळाला लगेच चीक पाजायला लावला. रात्रपाळीच्या मावशी मात्र, “कावीळ आहे ना तुम्हाला? मग वरचं दूध द्या की,” असे शेजारच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, आणि केसपेपरवरच्या लाल शाईच्या ठळक खुणेने उरलेसुरले काम केले. याच इमारतीत एचआयव्हीबाधित मातांसाठी स्वतंत्र समुपदेशक आहेत, बंद दाराआड बोलणे होते आणि बाळाच्या तपासण्यांचा १८ महिन्यांपर्यंत पाठपुरावा होतो; ‘बी’च्या मातांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

घरी सोडताना कार्डावर ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीच्या (हिपॅटायटिस बीसह पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या) तारखा होत्या. बाळाला संसर्ग झाला नाही ना आणि लसीने संरक्षण तयार झाले का, हे पाहण्यासाठी नऊ महिन्यांनंतर करायच्या रक्ततपासणीचा मात्र उल्लेख नव्हता. विचारल्यावर डॉक्टरांनी ती हाताने लिहून दिली.