स्कूटर की ऑटोमॅटिक कार? ऑटिस्टिक चालकाने काय निवडावं

मी ऑटिस्टिक आहे आणि पुण्यात दोन्ही चालवल्या आहेत. शिकायला सोपी स्कूटरच. दोन्ही ब्रेक हातात, पायांना काम नाही, गाडीच्या रुंदीचा अंदाज बांधायची कटकट नाही. कारची डावी बाजू कुठे संपते हे कळायला मला बराच काळ लागला आणि पेठांतलं पार्किंग अजूनही नको वाटतं. पैशांचा फरक तर उघडच आहे.

तरी मी कारकडे वळलो ते हॉर्नमुळे. नळ स्टॉपसारख्या चौकात सिग्नलचे शेवटचे आकडे उरले की मागून हॉर्न सुरू होतात. स्कूटरवर ते थेट मानेवर आदळतात. कोणत्या बाजूने, किती जवळून, किती वेळ, कशालाच नियम नाही. त्यात हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली रुततो, आणि तो सैल सोडणं म्हणजे हेल्मेट न घालण्यासारखंच. मोठा हॉर्न वाजला की काही क्षण माझं रस्त्यावरचं भान जातं, आणि नेमका तेव्हाच सिग्नल सुटतो. इतरांसाठी हा वैताग असेल, मला तो धोका वाटला.

कारही गप्प नसते. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सीटबेल्ट लावला नाही की आवाज, वेग ८० च्या वर गेला की अधूनमधून, १२० च्या वर सलग, मागे घेताना सेन्सरचा वेगळा. एक्स्प्रेसवेवर नियमात राहूनही तो ८० चा इशारा ऐकावा लागतो. पण यातला प्रत्येक आवाज का सुरू झाला आणि कशाने थांबेल हे मला ठाऊक असतं. त्याने मी दचकत नाही. काचा वर केल्या की बाहेरचे हॉर्नही बोथट होतात.

एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण गिअर यंत्राने बदलणारी ऑटोमॅटिक) घेणार असाल तर गर्दीत चालवून बघा. गिअर बदलतानाचा हलका झटका मला खटकला, सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) तो जाणवला नाही. एलएमव्ही, म्हणजे कारचं लायसन्स या दोन्ही प्रकारच्या ऑटोमॅटिक कारना चालतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ऑटोमॅटिक गाडी आहे का ते आधी विचारा आणि ‘एका वेळी एकच सूचना द्या’ असं पहिल्याच दिवशी सांगा.

आवाजापेक्षा बंद जागेचा किंवा एसीच्या वासाचा त्रास असेल, तर कदाचित तुमचं उत्तर स्कूटर असेल. ठरवण्याआधी संध्याकाळच्या गर्दीत एकदा कुणाच्या तरी स्कूटरवर मागे आणि कारमध्ये शेजारी बसून बघा.