पियाझोला ऐकायचाय, पण सुरुवात कुठून?

एका मित्राने विचारलं, अर्जेंटिनाचा टँगो संगीतकार आस्तोर पियाझोला, त्याचा जॅझवाल्या जेरी मलिगनबरोबरचा १९७४ चा अल्बम आधी ऐकू की क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबरचा 'फाइव्ह टँगो सेन्सेशन्स'? दोन्हीत बँडोनिऑन (अकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य) त्याचाच, पण सोबत पार वेगळी. मिलानमध्ये रेकॉर्ड केलेल्या पहिल्यात मलिगनचा बॅरिटोन सॅक्सोफोन, ड्रम्स, इलेक्ट्रिक बास, त्यामुळे ठेका लगेच पकडता येतो आणि 'इयर्स ऑफ सॉलिट्यूड' मध्ये सॅक्स आणि बँडोनिऑन असे गप्पा मारतात ना की बास! काही ठिकाणी मात्र तो सत्तरच्या दशकातला चकचकीतपणा जरा जास्तच होतो, माझं मत.

दुसऱ्यात ड्रम्सच नाहीत, फक्त चार तंतुवाद्यं आणि भात्याचा श्वास, पाच तुकडे, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. पण कामं करता करता ऐकलंत तर हातातून निसटतं, हेडफोन लावून शांत बसावं लागतं. मेहनत जास्त, पण मला तरी दहाव्यांदा ऐकतानाही नवीन काहीतरी सापडतं, पहिल्याचं तसं होत नाही.

जॅझची सवय असेल, गाडीत लावायचं असेल तर मलिगनवाला. रात्री एकटे असाल, चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांचं पाश्चात्त्य अभिजात संगीत) आवडत असेल तर क्रोनोस. मित्र जॅझवाला, त्याला पहिलाच पाठवला.