एनएफएस, सांबा की एसएसएचएफएस? आमचं लाइट गेल्यावर ठरलं

उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप. वरच्या खोलीत ड्रॉइंगचं मशीन, खाली सीएनसीच्या, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, शेजारी एक जुना पीसी. दोन्हींवर लिनक्स. मोठी डिस्क खालच्यात, म्हणून ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम सगळे तिथेच. ते फोल्डर नेटवर्कवरून वरच्या मशीनवर आपल्याच डिस्कसारखं उघडायला एनएफएस, सांबा आणि एसएसएचएफएस असे तीन मार्ग. वरती इन्व्हर्टर आहे, खाली नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

सुरुवात अर्थातच एनएफएसनं केली. दोन्हीकडं लिनक्स असताना दुसरं काही सुचतही नाही. वेगात मला तरी तेच सरस वाटलं. हजारभर बारक्या फायलींचं फोल्डर क्लिक केलं की समोर. चौथी आवृत्ती वापरली तर २०४९ हा एकच पोर्ट (नेटवर्कचं दार) फायरवॉलमध्ये उघडावा लागतो. कुणाला काय वापरू द्यायचं ते लिहायच्या एक्स्पोर्ट्सच्या फाइलमध्ये मात्र आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि परवानगीचा कंस यांच्यात चुकूनही जागा सोडू नका. जागा सुटली की लिहायची परवानगी सगळ्या जगाला जाते आणि तुमच्या मशीनला नुसतं वाचता येतं. माझी एक दुपार त्यात गेली.

युजरचा घोळ निराळाच. एनएफएस साध्या मांडणीत नाव बघत नाही, नंबर बघतं. वरती मी १०००, खाली मात्र १००० नंबर आमच्या ऑपरेटरचा, मी १००१. त्यामुळं मी केलेली ड्रॉइंग त्याच्या नावावर चढायची. लोक अशा वेळी सगळ्याला ७७७, म्हणजे कुणालाही सगळी परवानगी, करून मोकळे होतात. तसं करू नका, दोन्हीकडचे नंबर जुळवून घ्या.

इथवर मी खूश होतो. मग पावसाळा आला.

लाइट गेली, खालचा पीसी बंद. वरती ड्रॉइंग उघडं होतं, समोर फाउंड्रीचा माणूस ‘मेल करा’ म्हणून उभा. म्हटलं, डेस्कटॉपवर सेव्ह करू आणि पाठवू. सेव्हची खिडकीच उघडेना! डिस्कची जागा दाखवणारं ‘डीएफ’ मारलं तर नुसता कर्सर लुकलुकतोय. फाइल मॅनेजर पांढराफटक. ‘होतंय का नाही?’ असं त्यानं तीनदा विचारलं.

यात बिघाड काहीच नव्हता. दुसऱ्या मशीनचं फोल्डर आपल्यात जोडणं म्हणजे माउंट, आणि हार्ड माउंट हीच एनएफएसची मूळ रीत. सर्व्हर, म्हणजे फायली देणारा खालचा पीसी, परत येईपर्यंत ते इमानानं थांबतं, आणि त्याला विचारणारी खिडकीही. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ते बनवलं, तेव्हापासूनचा हा स्वभाव. ‘सॉफ्ट’ पर्याय दिला की काही वेळानं एरर देऊन सोडतं, पण लिहिता लिहिता तुटलं तर फाइल अर्धवट राहू शकते. सीएनसीच्या प्रोग्रॅमला अर्धवट फाइल म्हणजे टूल गेलंच समजा. लेझी अनमाउंटनं (जोडणी लगेच तोडायची आज्ञा) सुटका होते, पण गिऱ्हाईक समोर असताना ते आठवत नाही. त्यात भर म्हणजे लाइट आल्यावर राउटरनं वरच्या मशीनला दुसराच आयपी दिला आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ सुरू. राउटरमध्ये आयपी कायमचा बांधून टाका, हे काहीही वापरलंत तरी.

सांबाबद्दल थोडक्यात: अकाउंटंटचा विंडोज लॅपटॉप जोडायचा असेल तर तेच घ्या. नाहीतर उगाच सांबाचा पासवर्ड वेगळा ठेवायचा, आणि शेजारचं मशीन ‘नेटवर्क’मध्ये दिसलं नाही की घाबरायचं. दिसत नसलं तरी थेट पत्ता टाकून बहुधा उघडतं.

आता मी एसएसएचएफएसवर आहे. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं एसएसएच आधीच चालू होतं, त्यामुळं खालच्या पीसीवर काहीच घालावं लागलं नाही. युजरच्या नंबरांचीही कटकट नाही, कारण खाली मी माझ्याच नावानं शिरतो. नुसतं माउंट केलं तर लाइट गेल्यावर हेही अडकतं, ते आधीच सांगतो. ‘रिकनेक्ट’ आणि ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ १५ द्यायचं; तीन हाकांना उत्तर आलं नाही की साधारण ४५ सेकंदांत ते हात सोडतं. लॉगिन एसएसएच किल्लीनं (पासवर्डऐवजीची फाइल) ठेवा, पासवर्ड विचारत बसलं तर आपोआप जोडलं जाणार नाही.

बारक्या फायलींचं फोल्डर उघडायला जरा वेळ लागतो, हे कबूल. तुमची दोन्ही मशीन एकाच यूपीएसवर असतील तर एनएफएस खुशाल घ्या, कदाचित तुम्हाला तेच बरं पडेल. आमच्याकडं जूनपासून लाइट कितीदा गेली ते मोजायचं मी सोडून दिलंय. सेव्हची खिडकी मात्र त्यानंतर अडकली तरी मिनिटभरापेक्षा जास्त नाही.