नवऱ्यासाठी आणलेलं निकोटीन च्युइंगम, सात महिन्यांनंतर

हे च्युइंगम मी नवऱ्यासाठी आणलं होतं. मेडिकलमध्ये जाऊन मीच आणलं, कारण यांना मागायची लाज वाटत होती, आणि गंमत बघा, टपरीवर पुडी मागताना वीस वर्षांत एकदाही वाटली नव्हती. सात महिने होऊन गेले म्हणून लिहितेय. घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे दोन दिवसांचे होते, एकतर "मस्त, पुदिन्याची चव" नाहीतर "बकवास, उचकी लागते". उचकी खरंच लागते, पण का लागते ते कोणी लिहिलं नव्हतं.

आम्ही साताऱ्याकडचे. हे लेथवर काम करतात, आठवड्याआड नाईट. तंबाखू-चुना, सुपारी नाही, रोजच्या दोन पुड्या आणि नाईटला तिसरी. याला व्यसन म्हणायचं हे आमच्या डोक्यातच नव्हतं हो, दारू नाही, जुगार नाही, मग एवढं चालतंय असंच सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचे. आता मागे वळून बघितलं की कळतं. रात्री अकराला पुडी संपली म्हणून भर पावसात गाडी काढून नाक्यापर्यंत जायचं, पोराच्या शाळेत पालक मीटिंग चालू असताना दोनदा "फोन आलाय" म्हणून बाहेर, सकाळी बार भरल्याशिवाय तोंडातून शब्द नाही आणि भरल्यावर तर बोलताच येत नाही. खालच्या ओठाच्या आत पांढरट चट्टा पडला होता, तिखट लागलं की झोंबायचं. दाढेसाठी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी दाढ राहू दे बाजूला म्हणत आधी तोच बघितला, तोंडात तीन बोटं उभी जातात का तेही बघितलं (गेली, नशीब), आणि सिव्हिलमध्ये तंबाखू सोडवणाऱ्या खिडकीवर पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी यांना पहिला प्रश्न विचारला तो किती खाता असा नाही. सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिला बार लागतो, हा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनची गरज जास्त, मग ४ मिलिग्रॅमची गोळी, त्याच्या पुढे असेल तर २ ची. यांना ४ ची चिठ्ठी मिळाली. २ ची मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते आणि लोक तीच घेऊन येतात, मग "काही फरक पडत नाही" म्हणून ओरडतात.

आता उचकी. पहिल्या दिवशी यांनी ती गोळी बबलगमसारखी कचाकचा चावली. पाच मिनिटांत उचकी, छातीत जळजळ, मळमळ, आणि पाकीट गेलं टीव्हीच्या मागे. फोन केला तर कळलं की हे च्युइंगम चघळायचंच नसतं मुळी. हळूहळू चार-सहा वेळा चावायचं, जिभेला झिणझिण आली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते थुंकीबरोबर पोटात जातं, तलफ भागत नाही आणि पोट मात्र बिघडतं. यांना समजावताना मी म्हटलं, अहो बार ठेवता तसंच ठेवायचं, फक्त थुंकायचं नाही. त्या एका वाक्यात जमलं.

दुसरी भानगड चहाची. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी-सरबत काही नाही, तोंड आंबट झालं की निकोटीन नीट शोषलं जात नाही. आणि आमच्याकडे तर चहा आणि लगेच बार ही वीस वर्षांची जोडी. सगळ्यात जास्त भांडणं यावरून झाली.

कोर्स बारा आठवड्यांचा आहे. पहिले सहा आठवडे तासा-दोन तासाला एक, मग दोन ते चार तासांनी, मग शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. पहिला आठवडा म्हणाल तर घरात फटाक्यांचं दुकान. झोप नाही, पोरावर ओरडणं, डोकं जड, भूक सारखी. तिसऱ्या आठवड्यापासून उतरत गेलं. तलफ एकदम उसळून येते पण पाच-सात मिनिटांत खाली बसते, तेवढा वेळ हातांना काहीतरी लागतं. आणि हात हे खरं प्रकरण आहे. टीव्ही बघताना यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर आपोआप मळत बसायचा, रिकामा, आणि मग सवयीने दुसऱ्या हाताने थाप मारून भुकटी उडवायची, नसलेली. अंगठ्याच्या नखाची एक बाजू चुन्याने कायमची झिजलीय. शेवटी मी ती दोन झाकणांची स्टीलची डबी उकळून घेतली, तंबाखूच्या बाजूला गोळ्या आणि चुन्याच्या बाजूला ओवा-बडीशेप भरून खिशात दिली. डबी काढायची, झाकण उघडायचं, एवढं तरी हाताला मिळालं.

पैशाचं सरळ सांगते. आम्हाला एक गोळी दहा-बारा रुपयांना पडली आणि सुरुवातीला दिवसाला दहा लागायच्या. म्हणजे रोजचे शंभराच्या वर, आणि पुड्यांचे होत होते तीस. पहिले दोन महिने हे गणित दुखतं. सिव्हिलमध्ये कधी फुकट मिळायच्या, कधी संपलेल्या असायच्या. निकोटीनची ही औषधं २०२२ साली देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलीत म्हणे, मग खिडकीवर रोज का नसतात?

आता माझी चूक. पहिला महिना मी पोलीस झाले होते. खिसे बघायचे, तोंडाचा वास घ्यायचे, डबीतल्या गोळ्या मोजायचे. परिणाम काय, तर हे गोळ्या मोजून फेकून द्यायला लागले, हिशोब बरोबर यावा म्हणून, आणि बार कंपनीतच लावून यायचे. माझा मावसभाऊ पूर्वी दारूसाठी पुण्याला मुक्तांगणला होता, आवचट पती-पत्नींनी १९८६ ला सुरू केलेलं, तिथे बायकांसाठी सहचरी म्हणून वेगळा गट असतो. वहिनी त्यात जायची. तिला फोन लावून रडले तर ती म्हणाली, मीपण बाटल्या मोजल्यात, बाटल्या मोजून एकही बाटली कमी होत नाही, तू फक्त आजचा दिवस कसा गेला ते विचार आणि उत्तर काहीही आलं तरी जेवायला वाढ. ऐकायला सोपं वाटतं, करायला नाही.

त्याची परीक्षा लगेचच झाली. नवव्या आठवड्यात यांच्या चुलत्यांचा दहावा होता, नदीवर सगळी पुरुषमंडळी बसलेली, कोणीतरी मळली आणि हात पुढे केला. आपल्याकडे मळलेली तंबाखू नाकारणं म्हणजे माणसालाच नाकारल्यासारखं. यांनी चिमूट घेतली, घरी येऊन स्वतःच सांगितलं. मी काही बोलले नाही, वाढलं. दोन दिवस घसरले, तिसऱ्या दिवशी स्वतःहून १८००-११-२३५६ ला फोन लावला, टोल फ्री आहे, मराठीत बोलतात. हा नंबर कुठे मिळाला म्हणून विचारलं तर म्हणाले पुडीवरच छापलाय. खरंच, २०१८ पासून पुडीवर असतो, त्या भयानक फोटोखाली. वीस वर्षं पुडी फाडणाऱ्या माणसाने एकदाही वाचला नव्हता.

आणि आता जे सांगायला मला सात महिने लागले ते. सिव्हिलमधून आलो त्या रात्री हे सहज मला म्हणाले, "तुला किती मिनिटं लागतात गं?" मी म्हटलं कसली? म्हणाले, "मिश्रीची."

मी गप्प. लग्नानंतर दाढ दुखत होती तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, बोटावर दिली होती, तेव्हापासून सोळा वर्षं. आमच्याकडे तव्यावर तंबाखू भाजतात, अख्खी गल्ली खोकते, मग कुटून डबीत. सकाळी उठल्या उठल्या पहिली मिश्री, त्याशिवाय पोट साफ होत नाही, दुपारी मशीनवर फॉल लावायला बसायच्या आधी, रात्री झोपताना. मी तिला दात घासणं म्हणत होते. नवऱ्याच्या डबीतल्या गोळ्या मोजायचे तेव्हा पदराच्या गाठीला माझी स्वतःची डबी होती आणि ती मला दिसतच नव्हती. पाच मिनिटं, असं उत्तर आहे, पण मी यांना ते दिलं दोन महिन्यांनी, त्या दहाव्यानंतर. यांनी काही टोमणा मारला नाही, त्यांच्याच डबीतली गोळी पुढे केली. मग मीही खिडकीवर गेले. मीही पाच मिनिटांतली, पण दिवसाला तीनच वेळा म्हणून डॉक्टरांनी मला २ ची चालेल म्हटलं. मला पहिले दहा दिवस पोटाचाच त्रास झाला, गरम पाणी, पपई, सगळं केलं. आता बंद आहे. हे अजून नाईटला एक-दोन घेतात, डॉक्टर म्हणाले सावकाश कमी करा, तंबाखूपेक्षा कधीही बरं.

कोणासाठी नाही ते पण सांगते. गरोदर असाल, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गुटखा-मावा खाणाऱ्यांना हे निम्मंच पुरतं, सुपारीची चटक वेगळी असते आणि ती यात भागत नाही, माझ्या भावाचं तेच झालं. कवळी असेल तर चिकटतं. आत्यांनी परवा "ते तुमचं चिंगम दे बघू" म्हणून एक मागून घेतलं, अर्धा तास कवळीतून काढत बसल्या आणि मग शांतपणे मिश्री लावली. मी काही बोलले नाही.

चार स्टार. एक पॅकिंगचा कापला, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून एवढं घट्ट केलंय की तेलकट हातांनी नाईटला गोळी निघत नाही. मी घरूनच सोडवून डबीत भरून देते, पण डबी मग पोराच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवावी लागते. पान फ्लेवर घेऊ नका, यांना त्याने उलट तलफ यायची. पुदिना बरा.