नऊ महिने, 88 पट्ट्या आणि काळी एक

मागच्या ऑगस्टमध्ये हॅमर अ‍ॅक्शनचा (खऱ्या पियानोसारखा पट्टीमागे हातोडीचं वजन असलेला) 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला, तो एकाच रचनेसाठी. पोलिश संगीतकार शोपँची फँटेझी-इम्प्रॉम्प्टू. त्याने ती 1834 मध्ये लिहिली, पण हयातीत छापली नाही. तो 1849 मध्ये गेला आणि मित्र ज्युलियन फाँटानाने 1855 मध्ये ती प्रसिद्ध केली. वाजायला पाचेक मिनिटं लागतात. माझे नऊ महिने त्यात गेले आणि अजून पूर्ण वेगात येत नाही. तरीही वाद्याबद्दल आता खात्रीने लिहिता येईल असं वाटतं.

लहानपणी पेटी शिकले, त्यामुळे सगळं मी सा कुठे आहे यावरूनच बघते. ही रचना सी शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे सा आपल्या काळी एकवर (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर), ग आणि ध कोमल. सुरुवातीलाच काळी चारचा, म्हणजे पंचमाचा दणदणीत ठोका. मग डावा हात 'सा प सा ग सा प' असा फिरायला लागतो. दोन मापांनी (मापं म्हणजे नोटेशनमधले उभ्या रेघांमधले भाग) उजवा येतो: प ध प, म प सा ग, रे सा रे सा, नी सा ग प. त्यातला मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. मधला संथ भाग डी फ्लॅट मेजर, कागदावर चार शार्प जाऊन पाच फ्लॅट येतात आणि बघून धडकी भरते. पेटीवाल्याला मात्र काहीच हललेलं नसतं. सा तोच, फक्त गंधार-धैवत शुद्ध झाले! हे कळलं त्या संध्याकाळी मी तो भाग नोटेशन न बघता दोनदा वाजवला.

खरी अडचण लयीची. उजव्यात मात्रेला चार सूर, डाव्यात तीन. तबला वाजवणाऱ्या मामांना विचारलं तर ते म्हणाले, "चतुस्रावर तिस्र बसवायचंय तुला. मात्रेचे 12 भाग कर." तसंच केलं. उजवा 1, 4, 7, 10 वर, डावा 1, 5, 9 वर. म्हणजे दोघांची गाठ फक्त 1 वर पडते. आणि उजवा हात पहिल्यांदा आत येतो तेव्हा नेमका त्याच 1 वर गप्प असतो, आणि तिथेच सुरुवातीला माझा हात चुकायचा. पंधरा दिवस मांडीवर थापा मारत बसले, पियानो उघडलासुद्धा नाही.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 40 ठोक्यांवर लावून सुरुवात केली. जानेवारीत आमच्या सोलापूरची गड्डा यात्रा भरली तेव्हा 96 वर पोचले होते आणि तिथेच दोन महिने अडकले. रोज दोन-दोन आकडे वाढवायचे, अंगठा आखडायचा, मनगट दुखायचं. ऑनलाइन शिकवणारे सर कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "बोटं पळवू नका हो, हात न्या." हळू वाजवताना मी प्रत्येक बोट उंच उचलत होते. त्या हालचालीचा वेग वाढवून काही होणार नव्हतं, वेगातली हालचालच वेगळी असते. मग चार-चार सूर पूर्ण वेगात वाजवून थांबायचं, हात सैल सोडायचा, पुढचे चार घ्यायचे, नंतर जोडायचे. आज 132 वर बहुतेक पाने स्वच्छ येतात.

यात वाद्याचा वाटा मोठा आहे. आधीच्या 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर पट्टी स्विचसारखी खाली जायची, सूर कधी लागला ते बोटाला समजत नसे. इथे पट्टीला वजन आहे, ती परत वर येताना बोटाला जाणवते. पेटीची सवय असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं: पेटीत भात्याने सूर नंतर वाढवता येतो, इथे हातोडी सुटली की जे झालं ते झालं. सगळा दाब आधीच ठरवावा लागतो. रेकॉर्डिंगची सोयही फार उपयोगी, डावा हात भरून ठेवायचा आणि त्यावर उजवा वाजवायचा.

आमच्या घरामागे यंत्रमाग आहेत, दिवसभर खडखडाट. म्हणून पहाटे पाचला हेडफोन लावून बसते. आवाज बाहेर जात नाही खरा, पण पट्ट्यांची ठकठक स्टँडमधून फरशीत उतरते. खालच्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. घडी घातलेली सोलापुरी चादर पायांखाली टाकली आणि त्यांची तक्रार थांबली. सोबत आलेला एक्स आकाराचा स्टँड वेगात डुलतो. सुताराकडून लाकडी करून घेतला, तुम्हीही पहिल्याच आठवड्यात घ्या.

सोबतचं, सूर लांबवायचं पेडल अगदी वाईट. पाय पडला की फरशीवर सरकतं, आणि चालू किंवा बंद एवढंच, अर्धं दाबता येत नाही. या रचनेत पेडल पुरतं सोडलं तर कोरडं वाटतं, धरून ठेवलं तर नुसता चिखल. बॅटरी नाही, लाइट गेली की सराव बंद.

राग येतो तो एका गोष्टीचा. एप्रिलच्या उन्हाळ्यात मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी कटकट करायला लागली. वॉरंटी आहे. दुकानदार म्हणाला, पुण्याला पाठवा, न्यायचा खर्च तुमचा, किती दिवस लागतील सांगता येत नाही. घेताना हाच माणूस म्हणाला होता की मेकॅनिक घरी येतो. पियानो महिनाभर लांब गेला तर हाताची सवय मोडेल, म्हणून कटकट सहन करतेय. गावात दुरुस्ती कोण करतं हे पैसे देण्याआधी विचारा, आणि लेखी घ्या.

तरी हाच पियानो पुन्हा घेतला असता. सध्या शेवटचं पान चालू आहे. उजवा हात वर झरझर फिरत असतो आणि मधल्या भागातली ती संथ धून डाव्या हातात खाली परत येते. ती ऐकू यायची तर उजवा अगदी हलका लागतो, आणि पट्टीच्या वजनामुळे तो हलका ठेवता येतो. काल पहिल्यांदा धून वर आली. अर्ध्या दाबाचं पेडल मागवलंय, ते आलं की त्या पानाबद्दल खाली भर घालेन.