जिम्नी उचलायची तर स्पेसर की पूर्ण किट?

मारुतीची जिम्नी ही छोटी 4x4 गाडी कंपनीतून 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग यांतलं अंतर) घेऊन येते. पावसाळ्यात ट्रॅक्टरने खोल पाडलेल्या चाकोरीत तेवढं पुरत नाही, आणि मग गॅरेजमध्ये लिफ्टची, म्हणजे गाडी उंच करून घ्यायची, चौकशी सुरू होते.

त्याआधी गाडीखाली शिरा आणि नक्की काय घासलंय ते बघा. चेसिस लागत असेल तर लिफ्टचा उपयोग आहे. डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) लागत असेल तर अजिबात नाही. जिम्नीला पुढे-मागे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच अखंड दांड्यावर. लिफ्टने बॉडी वर जाते, ॲक्सल होता तिथेच राहतो. तो उचलायला टायरच मोठा हवा. मूळचा 195/80 आर 15 साधारण 693 मिमी उंच. 215/75 घेतला तर गोळ्याखाली जेमतेम 5 मिमी वाढतात. 235/75 घेतला तर 20, पण टायर घासायची कटकटही तिथूनच सुरू होते.

स्पेसर म्हणजे मूळ स्प्रिंगला जोडून बसवायचा जाड ठोकळा. स्वस्त आणि बसवायला सोपा. स्प्रिंग मूळचीच, त्यामुळे गाडी कडक होत नाही. पण शॉकअपची लांबी तेवढीच राहते. गाडी जितकी उचलाल, तितकं चाक खाली लटकणं कमी होतं. वेड्यावाकड्या खडकावर एक चाक लवकर हवेत जातं.

मी आधी हेच केलं होतं, 235 टायरसकट. पार्किंगमध्ये स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून पाहिलं, कुठेच लागेना. खूश! पहिल्याच मोठ्या दगडावर खर्रर्र आवाज. उतरून बघतो तर बंपरच्या आतल्या कोपऱ्यावर टायरच्या ठोकळ्यांचे ठसे आणि घासून पांढरं पडलेलं प्लास्टिक. चाक पूर्ण वर दबल्यावर कुठे थांबायचं हे बंप स्टॉप नावाचा रबरी ठोकळा ठरवतो, आणि गॅरेजवाल्याने त्याला हातच लावला नव्हता.

पूर्ण किटमध्ये उंच स्प्रिंगा आणि लांब शॉकअप येतात, म्हणून चाक खालीही छान लटकतं. खर्च मात्र कितीतरी पट. आणि डब्यात फक्त स्प्रिंगा आणि शॉकअप असतील तर ते अर्धंच किट समजा. लांब बंप स्टॉप हवेत, नाहीतर टायर घासतोच, वर शॉकअपही आतून आपटतो. गाडी उचलली की पुढचा ॲक्सल थोडा फिरतो, कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. त्यासाठी कास्टर करेक्शनचे बुश लागतात. ॲक्सल एका बाजूला सरकतो, त्यासाठी ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं जागेवर धरणारा दांडा). ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, तेही पाहायचं. शिवाय बऱ्याच स्प्रिंगा विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) आणि लोखंडी बंपरच्या वजनासाठी असतात. रिकाम्या गाडीला त्या लावल्या तर शहरातले स्पीडब्रेकर मणक्यात जाणवतात.

वर्षातून चार-पाच वेळाच ट्रेलवर जात असाल तर मी दोन्ही नको म्हणेन. 215/75 टायर आणि गोळ्याखाली जाड स्किड प्लेट (संरक्षक पत्रा), बस. गोळा घासला तरी फुटणार नाही. लिफ्टच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांवरचं कलम 52 आडवं येऊ शकतं, विम्याच्या क्लेमलाही फाटे फुटू शकतात.

किटच घेणार असाल तर बसवल्यावर एक पुढचं चाक दगडावर चढवून पूर्ण दाबू द्या, तशातच स्टेअरिंग हळूहळू दोन्हीकडे कापायला लावा. कुठे टेकलं नाही, तरच उरलेले पैसे द्या.