एनजीटीचं पुणे खंडपीठ: फी हजार रुपये, मुदत 30 दिवस

एखाद्या प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर पुण्याच्या माणसाला दिल्ली गाठावी लागत नाही. राष्ट्रीय हरित लवादाचं (एनजीटी) पश्चिम विभागाचं खंडपीठ 2013 पासून इथंच आहे, कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत. गुजरात आणि गोव्याची प्रकरणंही इथंच येतात. नागरिकांसाठीची सेवा म्हणून पाहिलं तर बऱ्याच गोष्टी मनापासून आवडण्यासारख्या आहेत. भरपाई मागायची नसेल तर फी फक्त 1000 रुपये. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं बंधन नाही. न्यायिक सदस्याबरोबर तज्ज्ञ सदस्य बसतो, त्यामुळे एसटीपीची (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची) क्षमता किंवा भूजलाचा उपसा म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही.

अडचण आहे ती मुदतीची, आणि ती इतकी मोठी आहे की बाकी सगळं तिच्यापुढे दुय्यम ठरतं.

2010 च्या राष्ट्रीय हरित लवाद कायद्याच्या कलम 16 नुसार मंजुरीचा आदेश कळल्यापासून 30 दिवसांत अपील दाखल करायचं. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त 60 दिवस मिळू शकतात. 91 व्या दिवशी मुद्दा कितीही खरा असो, उशीर माफ करण्याचा अधिकार लवादालाच नाही. 31 ते 90 या दिवसांत गेलात तर विलंब माफीचा वेगळा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो आणि उशिराचा हिशेब मांडावा लागतो. इथं हमखास होणारी चूक म्हणजे माहिती अधिकारात कागद मागवून उत्तराची वाट पाहणं. त्या उत्तराची मुदतच 30 दिवसांची आहे, म्हणजे अपिलाची सगळी मुदत तिथंच खर्च होते. मंजुरीचं पत्र केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर मिळतं. ते उतरवून घ्या, अपील दाखल करा आणि राहिलेले कागद नंतर जोडण्याची परवानगी मागा.

30 दिवस मोजायचे कधीपासून? 14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे आणि मंजुरीपत्रातल्या नेहमीच्या अटींप्रमाणे मंजुरी मिळाल्यावर विकासकाने 7 दिवसांत किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं. पत्राची प्रत ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेलाही जाते आणि त्यांनी ती 30 दिवस लावून ठेवायची असते. पोर्टलवर पत्र चढतं ती तारीख आणखी वेगळी. यातली सर्वांत आधीची तारीख धरा. नंतरची तारीख धरून चालायचं आणि सुनावणीत समोरच्या वकिलाने जुनी जाहिरात काढून दाखवायची, असा धोका कशाला पत्करायचा? जाहिरातीचं कात्रण, फलकाचा फोटो आणि पोर्टलच्या पानाची तारखेसह प्रत पहिल्या दिवशीच जपून ठेवा.

बाणेर, वाघोली, हिंजवडी भागातल्या सोसायट्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारती आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून सूट आहे. खाणीसाठी किंवा मोठ्या कारखान्यासाठी सुनावणीची नोटीस 30 दिवस आधी निघते, टॉवरसाठी निघत नाही. म्हणून मंजुरीचे प्रस्ताव तपासणाऱ्या राज्यस्तरीय समितीच्या बैठकांची विषयपत्रिका आणि इतिवृत्त पोर्टलवर आठवड्यातून एकदा पाहत जा. प्रस्तावाचा क्रमांक एकदा हाती लागला की पुढचं सोपं आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे चुकीचं कलम. मंजुरीच रद्द करून हवी असेल तर कलम 16. मंजुरीतल्या अटी मोडल्या जात असतील, म्हणजे सांडपाणी ओढ्यात सोडलं किंवा राडारोडा नदीपात्रात टाकला, तर कलम 14. तिथं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने आणि वर जास्तीत जास्त 60 दिवस. भरपाई किंवा जागा पूर्ववत करून हवी असेल तर कलम 15, मुदत पाच वर्षं. अपिलाची मुदत हुकली म्हणून तीच मागणी कलम 14 च्या अर्जात घातली तर ती टिकत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राविरुद्धही थेट इथं येता येत नाही, आधी राज्याच्या अपील प्राधिकरणाकडे जावं लागतं.

आणि झाडं. पुण्यात झाडावर खुणेचा आकडा दिसला की लोक पहिल्यांदा एनजीटीचंच नाव घेतात. पण वृक्षतोडीची परवानगी राज्याच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली मिळते आणि लवाद ज्या सात कायद्यांखालचे वाद ऐकतो, त्यांच्या यादीत (लवादाच्या कायद्याचं पहिलं परिशिष्ट) हा कायदा नाही. नुसत्या वृक्षतोडीच्या परवानगीचा वाद असेल तर आधी वृक्ष प्राधिकरणाकडे मुदतीत लेखी हरकत द्या, पुढचा रस्ता उच्च न्यायालयाचा. वन्यजीव संरक्षण कायदाही त्या यादीत नाही.

अपिलाच्या मजकुराबद्दल सांगायचं तर ‘निसर्गाची हानी होईल’ एवढ्याने काही होत नाही. विकासकाने अर्जाच्या कोणत्या रकान्यात काय लिहिलं आणि जागेवर काय आहे, हे शेजारी शेजारी मांडा. जाणूनबुजून माहिती लपवली किंवा खोटी दिली असेल तर मंजुरी रद्द होऊ शकते, तसं अधिसूचनेतच आहे. नाला दाखवलाच नाही, एकच प्रकल्प तुकड्यांत दाखवला, बांधकाम निळ्या पूररेषेच्या आत आलं, असे मुद्दे नकाशावर सिद्ध होतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. सातबारा, विकास आराखड्याचा नकाशा आणि तारखेसह उपग्रह छायाचित्रं जोडा.

कामकाज इंग्रजीत चालतं, ही मुळशी-दौंडच्या ग्रामस्थांसाठी खरीखुरी भिंत आहे. ग्रामसभेच्या मराठी ठरावाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि 30 दिवसांत त्यासाठीही चार-पाच दिवस राखून ठेवावे लागतात. सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची सोय आहे, त्यामुळे प्रत्येक तारखेला शेतातलं काम टाकून यावं लागत नाही, हा मोठा दिलासा.

सहा महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, पण ते उद्दिष्ट आहे, हमी नाही. तोवर पाया खणून मजले चढतात. म्हणून अपिलासोबतच स्थगितीचा अंतरिम अर्ज द्या आणि जागेची आजची स्थिती दाखवणारे फोटो त्याला लावा.